व्हॅन गॉगचं सेल्फ पोर्ट्रेट कॉपी करत ऑइल पोर्ट्रेट शिकणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑइलमध्ये चेहरा रंगवायला शिकायचंय आणि सुरुवात एखाद्या मोठ्या चित्रकाराची कॉपी करून करायचीय, असं ठरवलेल्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एका जागी आणलेत. उत्तरं सगळी एकाच चित्राला धरून आहेत: व्हॅन गॉगने सप्टेंबर १८८९ मध्ये, दक्षिण फ्रान्समधल्या सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयात राहत असताना केलेलं सेल्फ पोर्ट्रेट, जे आज पॅरिसच्या म्यूझे द ऑर्से या संग्रहालयात आहे. फिकट निळसर हिरवी, वळणावळणांची पार्श्वभूमी, तशाच रंगाचा सूट आणि मधोमध केशरी दाढी. बघितलं की लगेच ओळखाल.

१. कॉपी म्हणजे शेवटी नक्कलच ना? त्याने खरंच शिकता येतं का, की स्वतःचं काही उरतच नाही?

शिकता येतं, आणि व्हॅन गॉग स्वतःच असा शिकलाय. १८८० च्या आसपास तो चित्रकलेकडे वळला तेव्हा बार्गच्या ड्रॉइंग कोर्सच्या पानांवरून त्याने चिकाटीने कॉप्या केल्या. पुढे सेंट-रेमीत असताना फ्रेंच चित्रकार मिलेच्या चित्रांचे काळेपांढरे प्रिंट समोर ठेवून वीसेक कॉप्या ऑइलमध्ये केल्या, रंग मात्र सगळे स्वतःच्या मनाने लावले. हे काम त्याला वादकाने दुसऱ्याची रचना आपल्या पद्धतीने वाजवावी तसं वाटायचं, भाऊ थिओला लिहिलेल्या पत्रात ते आलंय. त्याच काळातला चित्रकार सेझान पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात बसून कॉप्या करायचा. आपल्याकडे जे.जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी १८७२ पासून तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्यासोबत अजिंठ्याला जाऊन वर्षानुवर्षं भित्तिचित्रांच्या कॉप्या करत होते, पेस्तनजी बोमनजी त्यातलेच.

स्वतःचं काही उरत नाही हे तेव्हाच होतं जेव्हा फक्त वरचा पापुद्रा उतरवला जातो. इथे हा फटकारा आडवा का, इथे हिरवा का, हा प्रश्न प्रत्येक वेळी स्वतःला विचारत काम केलं तर तुम्ही चित्रकाराचे निर्णय शिकता, आणि ते पुढे कुठल्याही चेहऱ्यावर कामाला येतात.

२. व्हॅन गॉगसारखे पोस्ट-इम्प्रेशनिस्टच का? आपले रविवर्मा किंवा रेम्ब्राँ का नको?

त्यांच्याकडून शिकण्यासारखं भरपूर आहे पण पहिल्या कॉपीला नको, कारण तिथे काम झाकलेलं असतं. रेम्ब्राँकडे थरावर पातळ थर असतात, रविवर्म्यांकडे कडा इतक्या मऊ मिसळलेल्या असतात की हात कुठून कुठे गेला ते नवख्याला कळतच नाही. व्हॅन गॉग, सेझान, गोगँ ही मंडळी (यांना पोस्ट-इम्प्रेशनिस्ट हे नाव नंतर, १९१० मध्ये इंग्रज कलासमीक्षक रॉजर फ्रायने लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी दिलं) रंग उघडा ठेवतात. कुठला फटकारा आधी, कुठला नंतर, ब्रश केवढा होता, रंग ओला होता की सुकलेला, हे सगळं चित्रात वाचता येतं.

३. मग हेच चित्र का? व्हॅन गॉगचं पोस्टमन रुलँ किंवा सेझानचं मादाम सेझान केलं तर चालेल का?

चालेल. रुलँ पण छान आहे, व्हॅन गॉगने त्याची अनेक पोर्ट्रेट केली आणि बॉस्टनच्या, न्यूयॉर्कच्या मोमा आणि नेदरलँड्सच्या क्रोलर-म्यूलर या संग्रहालयांमधली अशी शेजारी ठेवून बघितली की तोच माणूस, तोच चित्रकार आणि निर्णय किती वेगवेगळे ते दिसतं. पण दाढीची ती वळणं आणि गणवेशाची बटणं यात नवीन माणूस फार अडकतो. सेझान माझ्या मते दुसरी पायरी आहे, त्याचे रंगाचे ठोकळे दिसायला सोपे वाटतात पण एक चुकला की शेजारचे सगळे हलतात. ऑर्सेच्या सेल्फ पोर्ट्रेटमध्ये मामला साधा आहे: एक थंड रंग, त्याच्या विरुद्धचा एक उष्ण रंग, आणि मध्ये चेहरा.

४. माझं ड्रॉइंग कच्चं आहे, इंटरमिजिएटनंतर पेन्सिल हातात धरली नाहीये. आधी ड्रॉइंग पक्कं करू का?

दोन्ही एकदम चालू ठेवा, नाहीतर ड्रॉइंग पक्कं होण्याची वाट बघण्यात वर्षं जातात. याच चित्रातल्या डोक्याची चारकोलमध्ये थोडी स्केचेस करा, फक्त मोठे आकार आणि तीन टोन: उजेड, मधला, गडद. डोळ्याच्या पापण्या मोजत बसू नका. तेवढं झालं की कॅनव्हासकडे या.

५. सामान नेमकं काय काय घ्यायचं?

रंग: टायटॅनियम व्हाइट (याचा मोठा ट्यूब घ्या, सगळ्यात जास्त हाच संपतो), लेमन यलो, यलो ऑकर, कॅडमियम ऑरेंज किंवा त्याचा ह्यू (म्हणजे त्याच छटेचा स्वस्त पर्याय), व्हर्मिलियन ह्यू, ॲलिझरिन क्रिमझन, अल्ट्रामरीन, कोबाल्ट ब्लू, विरिडियन. प्रशियन ब्लू हवा असेल तर घ्या, पण तो इतका जोरदार आहे की मुगाएवढा सुद्धा अख्ख्या मिश्रणावर कब्जा करतो. काळा आणि तयार मिळणारा स्किन टिंट दोन्ही घेऊच नका, कारण प्रश्न १० मध्ये आहे. कॅमलचे किंवा विंटनचे विद्यार्थी रंग शिकायला पुरेसे आहेत, फक्त पांढरा जमल्यास बरा घ्या.

ब्रश हॉग हेअरचे, म्हणजे डुकराच्या राठ केसांचे, फ्लॅट ४, ६, ८ नंबर आणि एक छोटा राउंड. मऊ सिंथेटिक ब्रशने हा जाड रंग उचलला जात नाही. जवसाचं तेल, टर्पेंटाइन (पुढे नुसतं टर्प), पॅलेट नाईफ आणि भरपूर जुन्या सुती चिंध्या.

६. कॅनव्हास केवढा? मूळ माप मिळेल का?

मूळ चित्र साधारण ६५ बाय ५४ सेंटीमीटर आहे, फ्रान्समध्ये तेव्हा तयार मिळणाऱ्या १५ नंबरच्या कॅनव्हासचं माप. आपल्याकडे दुकानात मिळणारा २४ बाय २० इंच याच्या अगदी जवळ जातो, उंची-रुंदीचं प्रमाणही जवळपास तेच बसतं. लहान करायचं असेल तर १२ बाय १० घ्या, त्याचंही प्रमाण तेच. १६ बाय १२ घेतलात तर चित्र उभट होतं आणि डोक्याभोवतीची जागा बिघडते.

माझा सल्ला मोठ्यालाच. कारण फटकाऱ्याची रुंदी मापावर अवलंबून असते. १२ बाय १० वर तोच फटकारा अर्ध्या रुंदीचा हवा, मग माणूस बारीक ब्रश घेतो आणि रंगवण्याऐवजी रेघा ओढायला लागतो.

७. नेटवर एकाच चित्राचे दहा रंग दिसतात, कुठला खरा मानायचा?

संग्रहालयाच्या स्वतःच्या साइटवरची हाय रिझोल्यूशन इमेज घ्या, पिंटरेस्टवरच्या घेऊ नका, त्यात सॅच्युरेशन वाढवलेलं असतं. मॅट पेपरवर ए३ प्रिंट काढा आणि फटकारे बघायला टॅब किंवा लॅपटॉपवर झूम करा, म्हणजे रंगसंगतीला प्रिंट आणि बारकाव्याला स्क्रीन. नाईट मोड बंद आहे ना ते बघा, हे फार जण विसरतात.

आणि एक गोष्ट मनात असू द्या की त्या काळचे काही लाल रंग टिकाऊ नव्हते. व्हॅन गॉगच्या बेडरूमच्या चित्रात भिंती त्याच्या पत्रात फिकट जांभळ्या आहेत आणि आज आपल्याला निळ्या दिसतात, कारण त्यातला लाल उडून गेलाय. त्यामुळे रंग शंभर टक्के जुळवण्याच्या मागे लागू नका, रंगांचं एकमेकांशी नातं जुळवा: हा त्याच्यापेक्षा उष्ण आहे का, उजळ आहे का.

८. ट्रेसिंग किंवा ग्रिड केलं तर चीटिंग होईल का?

ग्रिड करा, बिनधास्त. व्हॅन गॉग स्वतः सुरुवातीच्या वर्षांत तारा लावलेली चौकट घेऊन फिरायचा. २४ बाय २० ला ४ इंचाचे चौकोन पाडले की ६ बाय ५ चे ३० चौकोन बरोबर बसतात. ट्रेसिंग मात्र टाळा, नियम म्हणून नाही, तर ट्रेस केलेल्या रेषेला माणूस जपतो आणि रंग भरताना तिच्या आतच राहतो. चारकोलने आखा, फडक्याने झटका, मग टर्प घालून पातळ केलेल्या अल्ट्रामरीनने मुख्य रेषा पक्क्या करा.

९. आधी चेहरा की आधी पार्श्वभूमी?

आलटून पालटून. चेहरा पूर्ण करून मग मागचं भरलं की डोकं कापून चिकटवल्यासारखं दिसतं. पहिल्याच बैठकीत पार्श्वभूमीचा मधला टोन, सुटाचा मधला टोन आणि चेहऱ्याच्या उजेडाचा-सावलीचा एकेक रंग पातळ लावून अख्खा कॅनव्हास झाका. पांढरा कॅनव्हास उघडा असताना कुठलाच रंग बरोबर जोखता येत नाही, सगळं गडदच वाटतं.

१०. चेहऱ्यात हिरवा रंग कसा काय? मी लावला तर माणूस आजारी दिसतो.

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे आणि हे चित्र निवडण्याचं कारणही हेच. त्वचेचा असा एक रंग नसतो. उजेडाकडच्या भागाचा एक, वळणाऱ्या भागाचा एक, सावलीचा एक, आणि प्रत्येक जण शेजारच्या रंगामुळे बदलून दिसतो. या चित्रात दाढी-केस केशरी आहेत आणि मागे त्याच्या विरुद्ध बाजूचा थंड निळसर हिरवा. तोच हिरवा डोळ्यांभोवती आणि गालाच्या सावलीत येतो, म्हणून चेहरा मागच्या जागेपासून तुटत नाही.

तुमचा हिरवा आजारी दिसतो याची बहुतेक वेळा दोन कारणं असतात. एक, तो ट्यूबमधून जसाच्या तसा आलेला असतो. विरिडियनमध्ये पांढरा, थोडा ऑकर आणि किंचित केशरी घाला, म्हणजे तो राखाडीकडे झुकतो. दोन, टोन चुकतो, म्हणजे सावलीत लावायचा हिरवा उजेडाइतका फिकट होतो. फोनवर तुमच्या कामाचा आणि मूळ चित्राचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो शेजारी ठेवून बघा. टोन बरोबर असेल तर हिरवाच काय, जांभळा सुद्धा त्वचा म्हणून खपतो.

उजेडाच्या भागाला पांढरा, ऑकर, थोडा व्हर्मिलियन, आणि वर कुठेकुठे लेमन यलोचा फटकारा. सावली गडद करायला काळा घातला की रंग मरतो, त्याऐवजी अल्ट्रामरीन आणि थोडा केशरी. स्किन टिंटचा ट्यूब नको म्हटलं ते यासाठी की तो एकदा पॅलेटवर आला की प्रत्येक मिश्रणात घुसतो आणि मग सगळा चेहरा एकाच गुलाबी रंगाचा होतो.

रंग शेजारी ठेवून बघायची एक जुनी युक्ती: व्हॅन गॉगकडे लोकरीचे रंगीत गोळे ठेवलेली एक लाखेची पेटी होती, दोन-तीन रंगांची लोकर एकत्र गुंडाळून ते एकमेकांजवळ कसे दिसतात ते तो बघायचा. ती पेटी ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियममध्ये आहे. घरातल्या शिवणाच्या डब्यातल्या दोऱ्यांनी हे आजच करून बघता येईल.

११. माझे रंग मळकट होतात, सगळा चिखल होतो. काय करू?

मिश्रण कॅनव्हासवर करू नका, पॅलेटवर करा. ओल्या रंगावर फटकारा ठेवायचा आणि ब्रश उचलायचा, पुन्हा त्याच जागी घासायचं नाही. आवडला नाही तर नाईफने खरवडून काढा आणि परत लावा. उष्ण रंगांना एक ब्रश, थंड रंगांना दुसरा. एका मिश्रणात पांढरा सोडून तीनच्या वर रंग नकोत. यापलीकडे जादू नाही.

१२. फटकारे व्हॅन गॉगसारखे येतच नाहीत, नुसती वळवळ दिसते. हाताचा सराव कमी आहे का?

हाताचा नाही, बघण्याचा. लोक आधी चेहरा गुळगुळीत रंगवतात आणि मग वरून नक्षी काढल्यासारखे फटकारे ओढतात. मूळ चित्रात फटकारा हाच चेहरा आहे, त्याच्या खाली वेगळा चेहरा नाही. नाकावर तो नाकाच्या लांबीने उतरतो, गालावर हाडाच्या वळणाने जातो, दाढीत केस वाढतात त्या दिशेने. बोट घेऊन स्वतःच्या चेहऱ्यावरून फिरवा, बोट जसं वळेल तसा फटकारा. सुटावर ते लाटांसारखे वाहतात आणि पार्श्वभूमीवर गोल फिरतात, रंग जवळपास एकच असून सूट आणि मागची जागा वेगळी दिसते ती निव्वळ दिशेमुळे, आणि हे ज्या दिवशी डोळ्यांना दिसतं त्या दिवशी पुढचं काम एकदम सोपं होतं.

सराव असा: प्रिंटवर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि पेनने फक्त बाण काढा, रंग नाही, आकार नाही. चेहऱ्याचा हा दिशांचा नकाशा ईझलला टाचून ठेवा. रंग ट्यूबमधून येतो त्याच घट्टपणाचा वापरा, तेल फार तर थेंबभर. पातळ रंगात ब्रशच्या केसांच्या खुणा राहत नाहीत.

१३. डोळे बरोबर, नाक बरोबर, ओठ बरोबर, तरी तो माणूस वाटत नाही. असं का?

कारण साम्य अवयवांमध्ये कमी आणि त्यांच्या मधल्या अंतरात जास्त असतं. डोकं थोडं वळलेलं आहे, त्यामुळे दोन्ही डोळ्यांची रुंदी सारखी नाही, तुम्ही ती नकळत सारखी केली असेल, हे जवळजवळ प्रत्येक पहिल्या कॉपीत होतं. कपाळ तपासा, ते आपण सगळेच लहान काढतो कारण तिथे रंगवायला काही नाही असं वाटतं. मग चित्र आणि प्रिंट दोन्ही उलटे करून बघा, आरशात बघा, चूक स्वतःहून पुढे येते.

नजर हा यातला अवघड भाग. कपाळाच्या आठ्या आणि भुवयांचा ताण यामुळे ती नजर अशी रोखलेली वाटते, बुबुळात चमक टाकून ती येत नाही. भुवया आधी सोडवा.

१४. कान कापलेला दिसत नाही, मी चुकीचं चित्र बघतोय का?

बरोबर चित्र आहे. डिसेंबर १८८८ मध्ये व्हॅन गॉगने स्वतःला जखम केली ती डाव्या कानाला. इथे दिसतो तो चांगला कान. व्हॅन गॉग आरशात बघून रंगवत होता, त्यामुळे चित्रात डावं-उजवं उलटं झालंय.

१५. किती थांबायचं दोन बैठकांमध्ये? पावसाळ्यात तर सुकतच नाही.

पातळ थर दोन-चार दिवसांत हाताला कोरडा लागतो, जाड रंगाला आठवडे लागतात आणि आतून पूर्ण सुकायला सहा महिने ते वर्ष. नियम एकच पाळा, फॅट ओव्हर लीन: खाली टर्पवाला पातळ थर, वर तेलाचा जास्त अंश असलेला. उलटं केलं तर वरचा थर आधी सुकतो आणि पुढे तडे जातात. कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर कॅनव्हास भिंतीला टेकवून ठेवू नका, मागून बुरशी धरते. पंख्याची हवा खेळती ठेवा, उन्हात मात्र नको. व्हार्निश पूर्ण सुकल्यावरच.

१६. वन बीएचके आहे, लहान मूल आहे. टर्पचा वास आणि धोका किती?

खिडकी उघडी ठेवून, मूल दुसऱ्या खोलीत असताना काम करा. वास सहन होत नसेल तर टर्पेंटाइन न वापरता ब्रश आधी चिंधीला, मग स्वस्त खाद्यतेलात पुसा आणि शेवटी साबणाने धुवा, त्या तेलाचा अंश मात्र रंगात जाऊ देऊ नका कारण ते सुकत नाही. खरा धोका वासापेक्षा चिंध्यांचा आहे: जवसाचं तेल लागलेल्या चिंध्या बोळा करून टाकल्या तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका. उरलेलं टर्प बेसिनमध्ये ओतू नका, बरणीत ठेवा, गाळ खाली बसला की वरचं परत वापरता येतं. रंगवताना खाणंपिणं नको.

१७. ॲक्रिलिकमध्ये केलं तर?

पहिला पातळ थर ॲक्रिलिकचा आणि वर ऑइल, हे चालतं आणि वेळही वाचतो. उलटं, म्हणजे ऑइलवर ॲक्रिलिक, कधीच नाही, पापुद्रा निघतो. अख्खं चित्र ॲक्रिलिकमध्ये करता येईल पण ओल्यात ओला फटकारा ठेवणं, जे इथे शिकायचंय, ते त्यात नीट होत नाही.

१८. विकता येईल का? खाली सही कोणाची? स्पर्धेला पाठवू का?

व्हॅन गॉग १८९० मध्ये गेला, भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो, तेव्हा कॉपी करण्यात आणि विकण्यात कायद्याची अडचण नाही. पण त्याची सही कधीही करू नका. मागे कॅनव्हासवर स्पष्ट लिहा: व्हॅन गॉगच्या चित्रावरून, तुमचं नाव, वर्ष. लूव्रमध्ये बसून कॉपी करणाऱ्यांनाही मूळ मापात कॉपी करता येत नाही आणि सही उतरवता येत नाही. विकायचा विचार असेल तर प्रश्न ६ मधलं मोठं माप थोडं बदलून घ्या. स्पर्धेला स्वतःचं चित्र पाठवा, प्रश्न १९ मधलं.

१९. हे सगळं गोऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर. आपल्या सावळ्या रंगाला यातलं काय लागू पडतं?

जवळजवळ सगळं, आणि कॉपी संपल्यावर लगेच हेच करायला घ्या, पॅलेट धुवून ठेवायच्या आत. आरसा लावा, एका बाजूला खिडकी, आणि त्याच रंगांनी स्वतःला रंगवा. व्हॅन गॉगने इतकी सेल्फ पोर्ट्रेट केली त्याचं एक मोठं कारण मॉडेलला द्यायला पैसे नव्हते, आरसा फुकट होता.

सावळ्या त्वचेत लोक थेट बर्न्ट सिएना आणि ब्राऊनकडे धावतात आणि चेहरा मातीचा होतो. तुमच्याकडे केशरी, ॲलिझरिन आणि अल्ट्रामरीन आहे, त्यातून हवा तेवढा खोल तपकिरी निघतो आणि तो जिवंत असतो. कपाळ आणि गालाच्या हाडावर खिडकीचा उजेड पडतो तिथे आपल्या त्वचेवर चकाकी थंड, निळसर दिसते, पांढरा-पिवळा लावलात तर घाम आल्यासारखं दिसेल. सावलीत लालसर जांभळा येतो, जबड्याखाली हिरवट. पार्श्वभूमी काय ठेवायची ते या उष्णपणावरून ठरवा: त्याच्या दाढीच्या विरुद्ध त्याने निळसर हिरवा ठेवला, तुमच्या गालाच्या विरुद्ध काय उभं राहील? मला करडा निळा आवडतो, पण करून बघा. गोव्यात जन्मलेले, जे.जे.त शिकलेले ए. एक्स. त्रिंदाद यांची पोर्ट्रेट बघायची संधी मिळाली तर सोडू नका, घरातली माणसं समोर बसवून आपल्या त्वचेचा उजेड कसा पकडायचा ते तिथे दिसतं. पणजीच्या फुंदासाव ओरिएंत या संस्थेने त्यांच्या चित्रांचा संग्रह जपलाय.

२०. कॉपी कधी थांबवायची? अजून बारीक काम बाकी वाटतं.

तीन पावलं मागून डोळे किलकिले करून बघा. टोन आणि दिशा जुळत असतील तर थांबा, उरलेला वेळ प्रश्न १९ ला द्या. सेझानने चित्रविक्रेता व्होलारचं पोर्ट्रेट केलं तेव्हा, व्होलारने लिहून ठेवल्याप्रमाणे, ११५ बैठकांनंतरही हातावरचे दोन ठिपके उघडेच होते, आणि तिथे अंदाजाने काही लावलं तर सगळं चित्र पुन्हा करावं लागेल म्हणून सेझानने ते तसेच ठेवले. अंदाजाने भरू नका एवढंच यातून घ्या, बैठकांचा आकडा नको.

२१. मुलगा युरोपात आहे, पॅरिसला जायचा योग येतोय. मूळ चित्रासमोर नेमकं काय बघू?

आधी तुमची कॉपी पूर्ण करून जा, मग प्रश्न तुमच्याकडे तयार असतात. समोरून बघून झालं की बाजूला सरका आणि तिरकं बघा, रंगाची उंची कुठे जास्त आणि कुठे कॅनव्हास जवळजवळ उघडा आहे ते फोटोत कधीच कळत नाही. तुम्ही जिथे अडला होतात तेवढी एकच जागा नीट बघा आणि वहीत बाणांनी टिपून घ्या. चित्रं कधीकधी दुसऱ्या संग्रहालयांना उसनी दिलेली असतात म्हणून जाण्याआधी साइटवर खात्री करा, गुरुवारी संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं असतं, सोमवारी बंद.